स्थूलतानाशक औषधे

शरीरातील अतिरिक्त मेद कमी करण्यासाठी वैद्यकाच्या चिठ्ठीने व देखरेखीखाली घ्यावयाची औषधे. भूक मंदावणे, आतड्यातील मेदाचे शोषण रोखणे किंवा चयापचयाचा वेग वाढविणे या तीन मार्गांनी ती कार्य करतात. यांपैकी तिसरा मार्ग सर्वांत घातक ठरला आणि तो आता सोडून देण्यात आला आहे.

स्थूलतेची चिकित्सा भारतात प्राचीन आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘अष्टौनिंदितीय’ अध्यायात अतिस्थूल व अतिकृश या दोहोंचा विचार केला असून, स्थूलतेपेक्षा कृशता बरी असे मत दिले आहे. स्थूलाला पचावयास जड परंतु पोषण न करणारे अन्न द्यावे, असा उपाय तेथे सांगितला आहे. थोड्यात तृप्ती व्हावी हा त्यामागील हेतू आजच्या औषधांच्या हेतूपासून फार दूर नाही.

आधुनिक औषधांचा इतिहास मात्र फारसा अभिमानास्पद नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अवटू ग्रंथीचा अर्क वजन घटविण्यासाठी देण्यात येऊ लागला. त्याने मेदाबरोबर स्नायूही झिजत व हृदयावर ताण येई. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफिनॉल हाताळणाऱ्या कामगारांचे वजन घटत असल्याचे दिसून आले होते. १९३३ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे या रसायनाचा औषध म्हणून अभ्यास झाला आणि ते झपाट्याने प्रसृत झाले. लवकरच मोतीबिंदू, अनावर ज्वर व मृत्यू यांची वृत्ते येऊ लागली. १९३८ च्या अमेरिकन कायद्यानंतर त्याचा वापर थांबला. पुढे अँफेटामिनांनी भूक मारली, पण व्यसन लावले. अमिनोरेक्स हे औषध १९६५ नंतर स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया व पश्चिम जर्मनीत विकले गेले. फुप्फुसी रोहिणीतील रक्तदाब घातक प्रमाणात वाढल्याचे रुग्ण आढळू लागताच १९६८ मध्ये ते मागे घ्यावे लागले. फेनफ्लुरामीन व फेंटरमीन एकत्र घेणाऱ्या २४ स्त्रियांमध्ये हृदयाच्या झडपांचा विकार आढळल्याचे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले व त्याच वर्षी फेनफ्लुरामीन बाजारातून गेले. वजन उतरलेले लगेच दिसते, अपाय मात्र हजारो लोकांनी औषध घेतल्यावर उघड होतो. ही विषमता या औषधांच्या प्रत्येक पिढीत आढळते.

भारतात औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि त्याखालील १९४५ चे नियम यांनी अशा औषधांच्या विक्रीवर बंधन घातले. १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत स्थूलतेचा समावेश असल्याने ती बरी करण्याचा दावा करणारी जाहिरात करता येत नाही. (वर्तमानपत्रांची कोणतीही पुरवणी उघडली तरी हा कायदा किती पाळला जातो हे कळते.) मानसिक विकारांच्या कारणास्तव रिमोनाबंट या औषधावर भारतात डिसेंबर २००९ मध्ये बंदी आली. हृदयविकाराचा धोका वाढविणारे सिब्युट्रामीन यूरोपात जानेवारी २०१० मध्ये स्थगित झाले, पण भारतातील बंदी १० फेब्रुवारी २०११ ची आहे. मधल्या तेरा महिन्यांत ते येथील दुकानांतून मिळू शकत होते.

चिठ्ठीच्या औषधांना पर्याय म्हणून ‘नैसर्गिक’ गोळ्यांकडे वळणाऱ्यांची संख्या मोठी आहे. कोकणातील आमसुलात व त्याच्या कुळातील मलबारी फळात हायड्रॉक्सिसिट्रिक अम्ल असते. त्याच्या गोळ्यांची १९९८ मध्ये १३५ व्यक्तींवर बारा आठवडे पद्धतशीर चाचणी झाली, तेव्हा निष्क्रिय गोळीपेक्षा त्या सरस ठरल्या नाहीत. अशा मिश्र गोळ्यांमुळे यकृतास इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. सोलकढी निर्धोक आहे म्हणून तिच्यातील अम्लाचा सांद्र अर्क निर्धोक ठरत नाही.

औषध कोणास द्यावे, या प्रश्नाला पुण्यातील संशोधनाने वेगळे वळण दिले. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत गर्भवती स्त्रिया व त्यांची अपत्ये यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा हलकी असूनही त्यांच्यातील मेद तुलनेने टिकून होता. २००४ मध्ये याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२·३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात ९·१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१·२ टक्के मेद होता. म्हणून भारतीयांसाठी २३ च्या वर अतिभार व २५ च्या वर स्थूलता मानण्याची शिफारस झाली. पाश्चात्त्य चाचण्यांत मात्र औषधासाठी निर्देशांक ३०, किंवा मधुमेह, रक्तदाब यांसारखा विकार असल्यास २७, ही मर्यादा होती. सडपातळ दिसणाऱ्या व्यक्तीस मेदविकार असू शकतो. तथापि दिसण्यासाठी चार किलो उतरविण्याकरिता हे औषध नव्हे.

सध्या प्रचारात असलेली औषधे आतड्यातील जीएलपी–१ या हॉर्मोनाच्या धर्तीवर घडविली आहेत. ती जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात व मेंदूतील भुकेच्या केंद्रांवर कार्य करतात. आठवड्यातून एकदा टोचावयाचे सेमाग्लुटाइड अमेरिकेत २०२१ मध्ये स्थूलतेसाठी संमत झाले. ६८ आठवड्यांच्या मुख्य चाचणीत त्याने वजन सरासरी १४·९ टक्के घटले. निष्क्रिय औषधाने २·४ टक्के. भारतात टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये व स्थूलतेसाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये आले.

त्याची मात्रा ०·२५ मिग्रॅ. पासून सुरू करून दर चार आठवड्यांनी वाढवीत २·४ मिग्रॅ. पर्यंत नेतात. ही चढण घाईने चढल्यास मळमळ, ओकारी व निर्जलीभवन होऊन मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते. पोटात तीव्र, पाठीकडे जाणारी वेदना झाल्यास अग्निपिंडाचा दाह संभवतो. औषध थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे. पित्ताशयातील खडेही वाढतात. स्वतःस किंवा कुटुंबात अवटू ग्रंथीचा मेड्युलरी कर्करोग झालेला असल्यास हे औषध वर्ज्य आहे. गर्भधारणेपूर्वी निदान दोन महिने सेमाग्लुटाइड बंद करावे लागते. इन्शुलीन किंवा सल्फोनिलयूरिया घेणाऱ्यांच्या रक्तातील साखर धोकादायक रीत्या उतरू शकते, म्हणून त्यांची मात्रा आधी कमी करतात. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ञास कल्पना द्यावी. उपाशी असूनही जठरात अन्न उरलेले असू शकते. घटणाऱ्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो. मुळात मेद जास्त व स्नायू कमी असलेल्या आपल्या लोकांना तो तोटा अधिक जड जाईल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. डाळी, दूध, अंडी, मासे यांचा आहार व स्नायूंना ताण देणारा व्यायाम ही म्हणूनच चिकित्सेची अंगे मानावीत.

न उघडलेली लेखणी २° ते ८° से. तापमानात ठेवावयाची असते. पेण–धरमतरसारख्या दमट, उष्ण खाडीकाठी मुंबईहून औषध नेताना ते थंड पेटीत ठेवावे, पण बर्फास टेकवू नये. एकदा गोठलेले औषध टाकून द्यावे. सुई बदलली तरी एकाची लेखणी दुसऱ्याने वापरू नये.

औषध थांबविल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोनतृतीयांश भाग परत आल्याचे दिसून आले आहे. म्हणजे रक्तदाबाच्या औषधाप्रमाणे ते दीर्घकाळ घ्यावे लागते आणि महिन्याच्या खर्चाचा हिशेब प्रथमच करावा लागतो. सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटाची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच असल्याने देशी उत्पादनास वाव मिळून किंमत उतरण्याचा मार्ग मोकळा होतो. त्याबरोबर मात्रा वाढविण्याची व अनिष्ट परिणाम ओळखण्याची जबाबदारी मोठ्या शहरांतील तज्ञांकडून तालुक्याच्या गावातील वैद्यकांकडे येते.