‘गो’तील १२० वे कोडे : तीन शतकांचा शोध

‘गो’ हा मूळचा चिनी, परंतु जपानमध्ये विशेष बहरलेला बैठा खेळ होय. १९ उभ्या व १९ आडव्या रेषांच्या पटावर ३६१ छेदबिंदू असतात. त्यांवर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या आळीपाळीने मांडून अधिक प्रदेश वेढायचा, हे खेळाचे उद्दिष्ट. एकदा मांडलेली सोंगटी हलविता येत नाही. मात्र ती पूर्णपणे वेढली गेली, तर पटावरून उचलली जाते.

या खेळातील कोड्यांचा सर्वांत कठीण मानला जाणारा संग्रह म्हणजे ‘इगो हात्सुयोरॉन’. इनोऊए घराण्याचे प्रमुख दोसेत्सु इनसेकी यांनी तो १७१३ मध्ये सिद्ध केला. घराण्यातील शिष्यांच्या अभ्यासासाठी तो दीर्घकाळ गुप्त राखला गेला. त्यातील १८३ कोड्यांपैकी १२० वे कोडे सर्वाधिक अवघड समजले जाते. काळ्याने प्रथम खेळून डाव जिंकायचा, एवढीच त्याची मागणी.

अवघड का?

सामान्य कोड्यात पटाच्या एका कोपऱ्यातील समूह जगतो की मरतो, एवढेच ठरवायचे असते. येथे संपूर्ण पट गुंतलेला आहे. शिवाय ‘सेकी’ ही स्थिती उद्भवते. सेकीमध्ये दोन्ही समूह एकमेकांस भिडलेले असतात आणि जो आधी हल्ला करील, त्याचेच नुकसान होते. मुख्य मार्ग शंभराहून अधिक खेळींचा असून अखेरचा निकाल अवघ्या एक-दोन गुणांवर ठरतो. त्यामुळे प्रत्येक पर्याय शेवटपर्यंत खेळून गुण मोजल्याविना तो बरोबर की चूक, हे सांगता येत नाही. एखाद्या फांदीत पांढऱ्याचे एक उत्तम उत्तर नजरेतून सुटले, तरी काळ्याची सदोष खेळी विजयी भासते.

उत्तरांचा प्रवास

‘किसेई’ किताब सलग सहा वर्षे जिंकणारे फुजिसावा हिदेयुकी यांनी १९८२ मध्ये या संग्रहाचे विवेचन प्रसिद्ध केले. १२० व्या कोड्यासाठी त्यांनी व त्यांच्या शिष्यांनी सुमारे एक हजार तास खर्ची घातल्याचे सांगितले जाते. पुढे युरोपातील हौशी अभ्यासकांनी पर्यायांची नव्याने छाननी केली आणि काही महत्त्वाच्या खेळींबाबत वेगळे निष्कर्ष काढले.

संगणकाची कसोटी

‘अल्फागो’ने २०१६ मध्ये ली सेडॉल यांस ४-१ असे नमविले. तरीही त्यानंतरच्या बलाढ्य प्रणाली या कोड्यात चकल्या. नेहमीच्या डावांवर घडलेल्या त्यांच्या अंदाजशक्तीला अशा विलक्षण स्थितींची सवय नव्हती. ‘काटागो’चे निर्माते डेव्हिड वू यांनी मग याच कोड्यातील स्थितींपासून प्रणालीला खास सराव दिला. त्यानंतर तिने कळीच्या खेळी ओळखल्या आणि मानवी विश्लेषणात काही सुधारणाही सुचविल्या.

तथापि हे उत्तर म्हणजे गणिती सिद्धता नव्हे. सर्व फांद्या तपासणे यंत्रासही अशक्य आहे. तेव्हा प्रत्येक ‘अंतिम’ उत्तर हे पांढऱ्याची अधिक चांगली खेळी सापडेपर्यंतच अंतिम, असेच म्हणावे लागते.