मोदक (टंक)

मोदक हा देवनागरी आणि रोमन लिपींसाठी तयार केलेला अतिशय जाड, गुबगुबीत वळणाचा टंक आहे. तो मथळे, फलक व शीर्षके यांसारख्या मोठ्या आकारातील मजकुरासाठी योजलेला आहे. मुंबईतील ‘एक टाइप’ या टंकनिर्मिती संस्थेने तो विकसित केला. त्यातील देवनागरी अक्षरे सारंग कुलकर्णी व मैथिली शिंगरे यांची असून रोमन अक्षरे नूपुर दात्ये यांची आहेत. या कामी गिरीश दळवी यांचे साहाय्य लाभले.

स्वरूप

टंकाचे नाव मोदक या मिष्टान्नावरून ठेवलेले असून अक्षरांचा फुगीर गोलवा त्याला साजेसा आहे. हाताने काढलेल्या रेखाटनांपासून या टंकाची सुरुवात झाली. रेषा जास्तीत जास्त किती जाड केल्यास देवनागरी अक्षर वाचता येते, हा या रचनेमागील मूळ प्रश्न होता.

सामान्य टंकात वाचकाची नजर काळ्या रेषेचा मागोवा घेते. मोदकमध्ये रेषा एकमेकींना भिडतात आणि त्यांच्यामध्ये केवळ बारीक पांढऱ्या फटी उरतात. अक्षराची ओळख प्रामुख्याने या फटींवरून पटते. देवनागरीत ‘व’ व ‘ब’, ‘प’ व ‘ष’ किंवा ‘घ’ व ‘ध’ यांच्यातील भेद लहानशा तपशिलावर अवलंबून असल्याने या फटींची जागा व वळण काटेकोरपणे ठरवावे लागते.

तांत्रिक रचना

देवनागरीत स्वरचिन्हे अक्षराच्या चारही बाजूंना लागतात आणि जोडाक्षरांची संख्याही मोठी आहे. ‘रि’मधील ‘र’ अरुंद, तर ‘णि’मधील ‘ण’ रुंद असतो; त्यामुळे एकाच मापाची वेलांटी दोन्ही ठिकाणी नीट बसत नाही. जाड टंकात ही अडचण अधिक तीव्र होते. मोदकमध्ये ओपनटाइप तंत्राच्या साहाय्याने शेजारच्या अक्षरानुसार स्वरचिन्हाचा पर्यायी आकार आपोआप निवडला जातो व ते अक्षराच्या आकारात मिसळून जाते. हा बदल केवळ दृश्यरूपात होतो. टंक युनिकोडवर आधारित असल्यामुळे मूळ मजकूर तसाच राहतो आणि त्यात शब्द शोधता येतो.

उपयोग व मर्यादा

बालसाहित्याची मुखपृष्ठे, भित्तिपत्रके, खाद्यपदार्थांची वेष्टने आणि उत्सवांचे फलक अशा खेळकर मांडणीसाठी हा टंक उपयुक्त ठरतो. दोन-तीन शब्दांचा मजकूर त्यात विशेष उठून दिसतो. मात्र तो एकाच जाडीत उपलब्ध असल्याने शीर्षकाखालील मजकुरासाठी दुसरा, साधा टंक निवडावा लागतो. लहान आकारात किंवा शाई पसरणाऱ्या कागदावर फटी बुजतात आणि जोडाक्षरे ओळखणे कठीण होते. म्हणून सलग परिच्छेद, सूचना व तळटीपा यांसाठी तो योग्य नाही.

परवाना

मोदक हा ‘एसआयएल ओपन फाँट लायसन्स’ या मुक्त परवान्याखाली उपलब्ध असून गूगल फाँट्सवरून विनामूल्य उतरवून घेता येतो. या परवान्यानुसार त्याचा व्यावसायिक वापर, त्यात बदल आणि त्याचे वितरण करता येते. मात्र टंकाची फाइल स्वतंत्रपणे विकता येत नाही आणि सुधारित आवृत्ती त्याच परवान्याखाली प्रसिद्ध करावी लागते. टंक वापरून तयार केलेल्या पुस्तकांना वा चित्रांना ही अट लागू होत नाही.