रसशाळेच्या दारातला मंत्र

मागच्या उन्हाळ्यात माझी भाची पुण्याहून लातूरला आली ती एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि फाशांची थैली घेऊन. फासेही कसले, तर चार पैलूंचे, आठ पैलूंचे, वीस पैलूंचे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ बाजारात आणला, त्या कुळातला हा खेळ. टेबलाभोवती चौघे-पाच जण बसतात, प्रत्येक जण एकेक सोंग घेतो, एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट बोलता बोलता पुढे सरकते. भाचीचे सोंग होते काढे आणि अर्क करणाऱ्या जादूगाराचे. तिची अडचण अशी, की नवख्या जादूगाराला मोजकेच मंत्र जवळ बाळगता येतात. आगीचे लोळ फेकणारे मंत्र सोबती घेणार होते. हिला हवे होते ते औषध करताना हाताशी येतील असे. तिने चार बाजूला काढून ठेवले होते. हाती आलेली वस्तू कोणती ते ओळखणारा एक, न दिसणारा नोकर हजर करणारा दुसरा, दारावर पहारा ठेवणारा तिसरा आणि दूरची वस्तू उचलणारा हात निर्माण करणारा चौथा.

"मामा, तुम्ही ते पाऱ्याचे जुने ग्रंथ वाचता ना? आपल्याकडचे लोक यातले कोणते घ्यायचे?" तिने विचारले.

मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न खोटा नव्हता. औषध करणारा माणूस आपल्या पाठीशी काय बाळगतो, हा रसशास्त्राच्या इतिहासातला खराच प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर ग्रंथांत चांगले सविस्तर दिलेले आहे. ते शोधताना मला जे दिसले ते असे.

'रसरत्नसमुच्चय' हा ग्रंथ वाग्भटाच्या नावावर आहे. 'अष्टांगहृदय' लिहिणारा वाग्भट वेगळा आणि त्याच्या कितीतरी आधीचा. पाऱ्याचे आणि धातूंचे शास्त्र या ग्रंथात पद्धतशीर मांडले आहे. पुण्याच्या आनंदाश्रमाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो छापला, आणि प्रफुल्लचंद्र रॉय यांनी हिंदू रसायनाचा इतिहास इंग्रजीत लिहायला घेतला तेव्हा त्यांनाही या ग्रंथाचा मोठा आधार झाला. धातूचे मारण, भट्ट्या, मुशी, यंत्रे हे सारे त्यात आहेच. पण त्याआधी येते ती दीक्षा, आणि मंत्र आहेत ते मुख्यतः तिथे. पारा आणि सोने यांचे रसलिंग करावे, त्याची पूजा करावी, गुरूकडून अघोरमंत्र घ्यावा, मग कामाला हात घालावा.

या 'अघोर' शब्दापाशी क्षणभर थांबले पाहिजे. अघोर म्हणजे जो घोर नाही तो, शिवाचे सौम्य रूप. मराठीत मात्र 'अघोरी' म्हटले की अंगावर काटा येतो. रसशाळेत जपला जाणारा मंत्र भीती घालणारा नव्हता, भीती घालवणारा होता. पारा तापला की वाफ होऊन उडतो, गंधक पेटतो, काचेची कुपी फुटते. अशा ठिकाणी दिवसरात्र बसणाऱ्याला धीराची गरज असणारच.

दीक्षा झाली की ग्रंथकार रसशाळेची आखणी सांगतो आणि इथून त्याचा सूर पालटतो. पूर्वेला रसभैरवाची स्थापना. आग्नेयेला अग्नीचे काम. दक्षिणेला दगडांचे, नैर्ऋत्येला शस्त्रांचे. पश्चिमेला धुणे, वायव्येला वाळवणे. उत्तरेला वेधकर्म, म्हणजे हलक्या धातूचे सोने करण्याचा खटाटोप. ईशान्येला तयार झालेल्या वस्तूंचा साठा. आठ दिशांपैकी देवाला एक आणि कामाला सात! भाचीने निवडलेला पहाऱ्याचा मंत्र इथे पूर्वेच्या भैरवाकडे सोपवला आहे. उरलेल्या भिंती कामाच्या सोयीने वाटल्या आहेत. भट्टी एका टोकाला आणि तयार माल दुसरीकडे, हे वाचताना देवघरापेक्षा कारखानाच डोळ्यांपुढे येतो.

त्यानंतर येतो माणसांच्या निवडीचा भाग. माझ्या मते भाचीच्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथे आहे. पुरलेला ठेवा काढायचा किंवा बळी द्यायचा, तर भुतांना आवरणारे मंत्र जाणणारी माणसे नेमावीत, असे ग्रंथकार सांगतो. म्हणजे मंत्र जाणणाऱ्याची जागा आहे, पण ती ठरावीक कामापुरती. धातुवादाला, म्हणजे सोने करण्याच्या उद्योगाला, पैसा असलेली, सढळ हाताची आणि सगळी साधने बाळगून असलेली माणसे हवीत. हे वाचून हसू येते, कारण सोने करायला आधी सोने लागते हे त्याला पक्के ठाऊक आहे. रसायनाला, म्हणजे माणसाच्या पोटात जाणाऱ्या औषधाला, मात्र तो मंत्रज्ञ मागत नाही. तिथे हवीत निर्लोभ, खरे बोलणारी, संयमी आणि पथ्याने राहणारी माणसे. आणि वनस्पती आणण्याच्या कामाला? औषधांची नावे जाणणारी, न फसवणारी आणि अनेक प्रांतांच्या भाषा येणारी.

ही शेवटची अट नांदेड-लातूरच्या माणसाला चटकन समजते. किनवट-माहूरच्या रानात मराठीसोबत तेलुगू, गोंडी, कोलामी आणि गोरमाटी ऐकू येते. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू आणि कन्नड, उदगीर-देवणीकडे कन्नड, आणि उर्दू सगळीकडेच. आपली गुळवेल संस्कृतात गुडूची, तेलुगूत तिप्पतीगा, कन्नडमध्ये अमृतबळ्ळी, तर हकिमाच्या चिठ्ठीत गिलोय. वेल एकच आणि नावे पाच, हे त्यातल्या त्यात सोपे. उलट झाले की घोटाळा होतो. 'रास्ना' या एकाच नावाने उत्तरेत एक वनस्पती विकली जाते, दक्षिणेत दुसरी आणि बंगालात तिसरी. काढा कितीही निगुतीने केला तरी मुळात पाला चुकला असेल तर पुढचे सगळे वाया. वस्तू ओळखण्याचा मंत्र इथे चार भाषा येणाऱ्या, न फसवणाऱ्या माणसाच्या रूपात भेटतो.

वस्तू तयार झाल्यावर ती ओळखायची कशी, हेही ग्रंथात आहे. भस्म पाण्यावर तरंगले पाहिजे. बोटांच्या चिमटीत घासले तर कातडीच्या रेघांत जाऊन बसले पाहिजे. अभ्रकाच्या भस्मात चमक उरता कामा नये. तिला 'चंद्र' म्हणत आणि ती गेलेल्या भस्माला 'निश्चंद्र'. ठरावीक द्रव्यांबरोबर पुन्हा तापवले तरी धातू मूळ रूपात परत येता कामा नये, तो 'अपुनर्भव'. या परीक्षा आजच्या प्रयोगशाळेइतक्या सूक्ष्म नाहीत आणि औषध निर्धोक आहे हे त्यांवरून सिद्ध होत नाही. पण विचाराची दिशा पाहण्यासारखी आहे. भस्म नीट झाले का, हे देवाला विचारायचे नाही, पाण्याला विचारायचे.

यादवकाळातले एक उदाहरण तर फारच बोलके आहे. हेमाद्रीच्या आश्रयाला असलेला पंडित बोपदेव व्याकरणकार म्हणून प्रसिद्ध आहे, पण तो वैद्याचा मुलगा. त्याचे वडील केशव यांनी लिहिलेल्या ग्रंथाचे नाव 'सिद्धमंत्र', आणि त्यावर बोपदेवाने 'प्रकाश' नावाची टीका लिहिली. नाव ऐकून कोणी मंत्रांची पोथी म्हणून उघडील तर निराश होईल. आत आहे ती खाण्यापिण्याच्या आणि औषधी द्रव्यांची वर्गवारी, कोणत्या द्रव्याने वात शमतो, कोणत्याने पित्त वाढते याची. द्रव्याचा गुण तोंडपाठ असणे हाच वैद्याचा सिद्ध झालेला मंत्र, असेच जणू त्या नावाला म्हणायचे आहे.

नांदेडला शासनाची आयुर्वेद व युनानी रसशाळा आहे. ही दोन नावे एका पाटीवर येतात तेव्हा मला आपल्या भागाचा इतिहास आठवतो. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि तिथे युनानी वैद्यकाला राजाश्रय होता. वैद्य धातूचे 'मारण' करून भस्म करतो आणि हकीम 'कुश्ता' करतो. फारसीत कुश्ता म्हणजे मारलेला. दोन भाषांनी एकाच क्रियेला एकच नाव दिले. हकीम चिठ्ठीच्या माथ्यावर 'हुवश्शाफी' लिहितो, म्हणजे बरे करणारा तोच. वैद्य धन्वंतरीला नमस्कार लिहितो. दोघांचाही मंत्र एका ओळीत संपतो आणि खाली लगेच तोळे-मासे सुरू होतात.

मग मंत्राचे काम काय? रोग्यापुरते पाहिले तर धीर देणे. 'अष्टांगहृदया'त वमनाचे औषध देताना म्हणायचा मंत्र आहे. देवांना जसे अमृत तसे हे औषध तुला लाभो, असा त्याचा आशय. उलटी होण्यासाठी कडू औषध पिणाऱ्याला असे दोन शब्द ऐकावेसे वाटणारच. पण तो मंत्र औषधाबरोबर आहे, औषधाऐवजी नाही. हा भेद सुश्रुताने सर्पदंशाच्या प्रकरणात फार स्वच्छ मांडला आहे. विष आवरणाऱ्या मंत्रांना तो नाकारत नाही, उलट त्यांचा गौरवच करतो. मंत्र म्हणणाऱ्याने कोणते नियम पाळावेत तेही सांगतो. आणि मग म्हणतो, की विधी चुकला, स्वर किंवा अक्षर उणे पडले तर मंत्र फळत नाही, म्हणून विषावरच्या औषधांचा क्रम योजावा. श्रद्धेला न दुखावता त्याने औषधाला पुढे केले आहे.

हे वाक्य जुने झाले आहे, असे म्हणवत नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला हे कलम अजून लिहावे लागले, की साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे. सोयाबीनच्या आणि उसाच्या रानात अनवाणी जाणाऱ्यांच्या आपल्या भागात हे कलम पुस्तकी नाही. मदतीला घेतलेला मंत्र मुख्य जागेवर बसला की माणूस दगावतो.

पण रसविद्येचे सर्वांत मोठे नुकसान केले ते दुसऱ्याच एका मंत्राने, गुप्ततेच्या. ही विद्या लपवावी, लपवली तर तिचे बळ राहते, उघड केली की जाते, असे ग्रंथच बजावतात. परिणाम काय झाला? 'चपल' नावाचे खनिज आठ महारसांत गणले आहे आणि ते नेमके कोणते यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. दारावर पहारा इतका कडक ठेवला, की आतले धन घरच्यांनाही ओळखता येईना.

आता राहिला तो न दिसणारा नोकर. हा मला सगळ्यांत उशिरा सापडला आणि सापडला तो व्याकरणात. पारा आणि गंधक खलात घालून कज्जली करतात. पाऱ्याचा ठिपकाही चमकेनासा होऊन काजळासारखी भुकटी होईपर्यंत घोटत राहायचे. गजपुटासाठी हजार रानशेणी खाली आणि पाचशे वर रचायच्या. रससिंदुराच्या कुपीला कापडमातीचे सात लेप द्यायचे, मग वाळूच्या यंत्रात ठेवून आधी मंद, मग मध्यम, मग कडक आच द्यायची, आणि गंधकाच्या धुरात बसून कुपीचे तोंड तापल्या सळईने मोकळे ठेवायचे. ग्रंथ म्हणतो 'मर्दयेत्', 'पचेत्'. घोटावे, शिजवावे. कर्ता लिहिलेला नाही. संस्कृत शिकवताना मी वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो, की अशा वेळी कर्ता अध्याहृत धरायचा. तो कर्ता कोण होता, त्याच्या हातांना काय झाले, त्याच्या छातीत किती पारा गेला, हे मी कधी विचारले नव्हते. ग्रंथाच्या आरंभी रससिद्धांची नावे ओळीने दिली आहेत. खल घोटणाऱ्याचे एकही नाव नाही.

दिवाळीला भाचीचा फोन आला, तेव्हा मी हे सगळे तिला सांगितले. म्हटले, ओळखण्याचा मंत्र घे, पण त्याच्यासोबत चार भाषा शीक. पहाऱ्याचा नको, त्याने आपलेच नुकसान होते. दूरची वस्तू उचलणारा हात जरूर घे, पाऱ्याच्या वाफेपासून लांब राहता येईल.

"आणि नोकर?" तिने विचारले.

"घे," मी म्हणालो, "पण त्याला नाव दे."