फरशीची दरज

घरांतील फरशीकडे पाहातांना मनुष्याची दृष्टि लादीवर जाते. दोन लाद्यांमधील बारीक रेघेकडे सहसा कोणी पाहात नाहीं. ती रेघ तडकली, तिच्यांतून माती निघूं लागली, आणि पावसाळ्यांत तिच्यावाटे ओल व मुंग्या वर आल्या, म्हणजे मात्र दरज नांवाची वस्तु घरांत आहे हें सर्वांस कळतें. मग गवंडी येतो, चार मुठी सिमेंट कालवतो आणि भेग बुजवून जातो. वर्षा-दोन वर्षांत भेग पुन्हां उमटते. जुन्या घरांतून तर पुष्कळदां नवी दरज शाबूत राहाते आणि शेजारची लादीच कोपऱ्यावर फुटते. हा दोष नेहमीं गवंड्याच्या हाताचाच असतो असें नाहीं. दरजेचें काम कोणतें, याविषयींची एक जुनी समजूत मध्यंतरीं लोपली, तिचा हा परिणाम होय.

ती समजूत फार जुनी आहे. इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांतील रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस यानें आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागांत फरशीचा विचार केला आहे. उघड्यावरील फरशीच्या पोटांत विटेच्या मोठ्या लाद्या बसवून त्यांच्या कडांस बोटभर रुंदीच्या खोबणी ठेवाव्या, आणि त्यांत तेलांत मळलेला चुना भरावा, म्हणजे सांध्यांतून पाणी उतरणार नाहीं, असें तो सांगतो. पुढें लगेच, दरवर्षीं हिवाळ्यापूर्वीं फरशींत तेलाचा गाळ मुरवावा, असेंहि तो बजावतो. फरशी घालणें आणि ती राखणें हीं त्याच्या लेखीं दोन निराळीं कामें नव्हतीं.

आपल्याकडे हेंच काम चुन्यानें केलें. भट्टींत भाजलेला चुना पाण्यांत विरवावयाचा, त्यांत वाळू किंवा विटांची सुरखी मिसळावयाची, आणि बैलानें फिरविलेल्या घाणीच्या दगडी चाकाखालीं तो मळून काढावयाचा, अशी ती रीत होती. ठिकठिकाणीं त्यांत गुळाचें वा हिरड्याचें पाणीहि घालीत. असा चुना हवेंतील कर्बवायु शोषून सावकाश घट्ट होतो. तथापि दगडाइतका कठीण तो होत नाहीं, आणि त्याचा गुण याच उणेपणांत आहे. उन्हानें फरशी फुगली, जमीन किंचित् खचली, तर तो ताण दरज सोसते. बारीक भेग पडलीच तर झिरपणारें पाणी मोकळा चुना विरघळवून त्याच भेगेंत पुन्हां आणून बसवितें. दरज झिजावी आणि लादी वांचावी, असा तो व्यवहार होता. झिजलेली दरज कांहीं वर्षांनीं पुन्हां भरावी लागे. तिला कोणी मोडतोड म्हणत नसे.

सिमेंटानें हा व्यवहार उलटा केला. इंग्लंडांत १७५६ ते १७५९ या वर्षांत एडिस्टोनचें दीपगृह बांधतांना जॉन स्मीटन यास असें आढळलें कीं, ज्या चुनखडींत चिकणमातीचा अंश असतो तिचा चुना पाण्याखालींहि घट्ट होतो. पुढें १८२४ सालीं जोसेफ अ‍ॅस्पडिन यानें पोर्टलंड सिमेंटाचें पेटंट घेतलें. हिंदुस्थानांत पोरबंदर येथें १९१४ सालीं सिमेंटाचा कारखाना चालू झाला, आणि हळूहळू चुन्याच्या घाणी थांबल्या. सिमेंट लौकर आवळतें, पाण्यास दाद देत नाहीं. पायाला आणि पुलाला याहून काय हवें? परंतु चुन्यांत बसविलेल्या मऊ लादीमध्यें तें भरलें कीं जमिनींतील ओलीस बाहेर पडण्यास दरज उरत नाहीं. ती ओल लादीच्या अंगांतून वर येते, तिच्यांतील क्षार तेथें गोठतात आणि लादीचा पृष्ठभाग पापुद्र्यांनीं सुटूं लागतो.

म्हणून लादी कोणत्या जातीची, हें आधीं पाहावें लागतें. मुंबईच्या भायखळ्यांत १८७२ सालीं उघडलेल्या वस्तुसंग्रहालयांत, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयांत, विलायतेंतील मिंटनच्या लाद्या आहेत. त्या भाजलेल्या मातीच्या. उलट १९२२ सालीं फिरोजशा सिधवा यांनीं काढलेल्या ‘भारत’ या स्वदेशी कारखान्याच्या लाद्या सिमेंटाच्या, दाबयंत्रांत घडविलेल्या, भट्टी न पाहिलेल्या. दुसऱ्या जातीस बारीक वाळूचें सिमेंट शोभतें. चुन्यांत बसविलेल्या पहिल्या जातीस चुना आणि सुरखीच बरी. बाजारांत दरजेच्या मालाची तारीफ त्याच्या कठीणपणावरून होते. ती ऐकून जुन्या घराच्या मालकानें थोडें सावध राहावें.

कामाची रीत मात्र दोहोंची एकच. प्रथम लाद्यांवर लांकडाच्या मुठीनें ठोकून पाहावें. आवाज पोकळ आला तर लादी खालून सुटलेली आहे, आणि नुसती दरज भरणें व्यर्थ आहे. लादी घट्ट असेल तर जुना माल निदान अर्ध्या खोलीपर्यंत कोरून काढावा. वरून दिलेला लेप धरत नाहीं. धूळ झाडून सांधा ओला करावा, नाहींतर कोरडी कड नव्या मालांतील पाणी पिऊन टाकते. माल ओतूं नये, दाबून भरावा, आणि ओल्या फडक्यानें तिरकस पुसावा. सरळ पुसल्यास भरलेला माल फडक्याबरोबर निघून येतो. भिंतीच्या कडेची फट मात्र कठीण मालानें बुजवूं नये. फरशीस फुगावयास तेवढीच जागा असते. तेजाबानें फरशी धुण्याची चाल तर सर्वस्वीं घातक, कारण चुना, सिमेंट आणि शहाबादी दगड हीं तिन्ही त्यांत विरघळतात. काम झाल्यावर कांहीं दिवस वर ओलें गोणपाट टाकून ठेवावें, आणि चुना असेल तर त्याहूनहि अधिक दिवस.