सम्राट अशोकाचा निरोप लोकांपर्यंत कसा पोहोचत असे?

शाळेच्या इतिहासात एक ओळ ठरलेली असते: अशोकाने शिलालेख कोरवून धम्माचा प्रसार केला. लहानपणी मीही ती पाठ केली, पेपरात लिहिली, मार्क मिळवले. पुढे विहाराच्या कमिटीत सेक्रेटरी झालो, नोटीस लावण्याचे काम गळ्यात पडले, आणि तेव्हा पहिल्यांदा प्रश्न पडला की दगडावर कोरलेले लोकांपर्यंत जाते कसे? मी खडूने ठळक अक्षरात फळ्यावर लिहितो, तरी वंदना झाल्यावर पाच जण विचारतातच, "भाऊ, कार्यक्रम किती वाजता?"

अशोकाचा काळ सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा. शेतकरी, गुराखी, कुंभार यांतले वाचणारे किती असतील? गिरनारच्या पायथ्याशी एवढा मोठा लेख आहे, पण रस्त्याने जाणाऱ्याला तो दगडावरच्या ओरखड्यांसारखाच दिसला असणार. मग निरोप पोहोचायचा कसा? याचे उत्तर त्या लेखांतच दिलेले आहे, फक्त आपण ते त्या नजरेने वाचत नाही.

ब्रह्मगिरीचा लेख पाहा. हे ठिकाण कर्नाटकात चित्रदुर्ग जिल्ह्यात आहे. लेखाच्या सुरुवातीला धम्म नाही, चक्क पत्राचा मायना आहे. सुवर्णगिरीहून राजपुत्र आणि महामात्र इसिल येथील महामात्रांना आरोग्य चिंतितात, आणि मग राजाची आज्ञा कळवतात. म्हणजे पाटलीपुत्राहून निघालेला निरोप सुवर्णगिरीला थांबून पुढे इसिलला गेला. आपल्या सरकारी कचेऱ्यांत परिपत्रक वरून खाली येते, अगदी तसाच. शेवटी कोरणाऱ्या लेखकाने आपले नावही टाकले आहे, चपड. आंध्रातल्या येर्रागुडीच्या लेखात पुढची पायरी आहे: राजुक नावाच्या अधिकाऱ्याला सांगावे, त्याने जनपदाला सांगावे. हत्तीवर बसणारे, लिहिणारे कारकून, रथ हाकायला शिकवणारे, ब्राह्मण यांनीही आपापल्या शिष्यांना सांगावे. गुरू शिष्याला सांगतो ती वाट राजाने आयती वापरली.

आणि वाचून दाखवण्याचा दिवस ठरलेला. ओरिसातील धौली आणि जौगड येथे अधिकाऱ्यांसाठी जे खास लेख आहेत, त्यांत म्हटले आहे की हा लेख प्रत्येक तिष्य नक्षत्राच्या दिवशी ऐकवावा, मधल्या काळातही ऐकवावा, आणि ऐकणारा एकच माणूस असला तरी त्याला ऐकवावा. हे शेवटचे मला फार आवडते. आपल्याकडे पाच माणसे जमली तर कार्यक्रम रद्द होतो.

त्याच लेखात राजा आपल्याच अधिकाऱ्यांना खडसावतो. माणसांना विनाकारण कैद होते, छळ होतो. तुम्हाला माझे म्हणणे पुरते कळत नाही, कुणाला कळले तर थोडेसेच कळते, असे तो म्हणतो. मत्सर, राग, निष्ठुरपणा, घाई, सवय नसणे, आळस आणि थकवा, या सात कारणांनी काम बिघडते असेही तो मोजून सांगतो. थकवासुद्धा! कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला हे वाचून हसू येते आणि पटतेही. निरोप खाली पोहोचला म्हणजे तो जसाच्या तसा समजला, या भ्रमात हा राजा नव्हता. म्हणून दर पाच वर्षांनी तपासणीला फेरी, आणि उज्जैन व तक्षशिलेहून तर तीन वर्षांच्या आत.

खालून वर येण्याची वाटही होती. सहाव्या शिलालेखात राजा म्हणतो की खबर देणाऱ्यांनी मी जेवत असलो, अंतःपुरात असलो, बागेत असलो तरी लोकांचे काम मला येऊन सांगावे. मी तोंडी दिलेल्या आज्ञेवरून परिषदेत वाद झाला तर तेही लगेच कळवावे. तोंडी शब्दावरून भांडण होते, हे तेव्हाही होतेच तर!

आता आपल्या जिव्हाळ्याचा लेख. सारनाथ, सांची आणि कौशांबी येथील खांबांवर संघात फूट पाडणाऱ्यांविषयी आज्ञा आहे. जो भिक्खू किंवा भिक्खुणी संघ फोडील त्याला पांढरी वस्त्रे नेसवून विहाराबाहेर ठेवावे, म्हणजे चीवर काढून गृहस्थ करावे. हा झाला संघाच्या आतला मामला. पण सारनाथच्या खांबावर पुढे जे आहे ते बारकाईने वाचा. या आज्ञेची एक प्रत अधिकाऱ्यांच्या कचेरीत ठेवावी, आणि तशीच दुसरी प्रत उपासकांजवळ ठेवावी. उपासकांनी दर उपोसथाला यावे आणि ही आज्ञा मनात पक्की करावी. महामात्रानेही उपोसथाला यावे. म्हणजे भिक्खूंच्या शिस्तीचा कागद भिक्खूंपुरता किंवा साहेबांच्या पेटीत राहिला नाही. तुमच्या-आमच्यासारख्या संसारी माणसांच्या हातात दिला गेला.

याचे मोल मला स्वतःच्या चुकीवरून कळले. मागे एकदा आमच्या कमिटीने वर्गणी वाढवण्याचा ठराव केला. वहीत लिहिला, सह्या झाल्या, वही कपाटात गेली, किल्ली माझ्याकडे. पुढच्या महिन्यात पोरं घरोघरी वर्गणी मागायला गेली तेव्हा आयाबाया म्हणाल्या, "हे कधी ठरलं? आम्हाला कुणी विचारलं?" दोन घरांनी येणे बंद केले. रक्कम फार नव्हती, आधी सांगितले असते तर कुणी नाही म्हटले नसते. त्या दोनपैकी एक घर अजून परत आलेले नाही. तेव्हापासून प्रत्येक ठरावाची नक्कल महिला मंडळाकडे जाते आणि पौर्णिमेला मोठ्याने वाचली जाते. कल्पना माझी नाही, सारनाथच्या खांबावरची आहे.

अशोकाचे सगळेच डोळे झाकून गोड मानावे असे मात्र नाही. कलिंगच्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख पकडून नेली गेली आणि त्याहून कितीतरी पटीने मेली, याचा पश्चात्ताप तेराव्या शिलालेखात आहे. हा लेख पार पेशावरकडे शाहबाजगढीला खरोष्ठी लिपीत आहे, कंदहारला ग्रीक भाषेतही त्याचा भाग सापडला आहे. पण खुद्द कलिंगात, धौली आणि जौगडला, तो नाही! तिथे अकरावा, बारावा आणि तेरावा लेख गाळून ते दोन खास लेख कोरले आहेत, ज्यांत सगळी माणसे माझी लेकरे असे राजा म्हणतो. जखमेवर मीठ नको म्हणून गाळले, असे काही विद्वान म्हणतात. असेलही. मला मात्र खटकते. ज्यांची माणसे गेली त्यांनाच क्षमेचा शब्द ऐकायला मिळाला नाही, आणि तो परक्या मुलखात वाचला गेला.

चौदाव्या लेखात राजा आणखी एक गोष्ट मोकळेपणी मान्य करतो. काही ठिकाणी मजकूर अपुरा कोरला गेला असेल, जागेमुळे किंवा लेखकाच्या चुकीमुळे. पुढे वाचून दाखवणारेच संपले. १४ व्या शतकात फिरोजशाह तुघलकाने टोपरा आणि मेरठचे खांब मोठ्या कष्टाने दिल्लीला नेले, तेव्हा त्यांवरचे अक्षर लावणारा कुणी उरला नव्हता. खांब तेवढे उभे होते. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली तेव्हा ते पुन्हा बोलू लागले.

आपल्या जवळचे म्हणाल तर नालासोपारा. जुने शूर्पारक ते हेच. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तिथे आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पूर्वीचे राजे शिकारीला, मौजेला विहारयात्रा करीत (हा विहार म्हणजे करमणूक, आपला विहार नव्हे), त्याऐवजी मी धम्मयात्रा सुरू केली, असे या लेखात राजा सांगतो. त्या यात्रेत वृद्धांची भेट, खेड्यापाड्यांतल्या लोकांचे दर्शन, त्यांना उपदेश आणि त्यांच्याशी धम्माची विचारपूस. हा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. सुट्टीत मुलांना घेऊन जा, काचेपलीकडचे अक्षर दाखवा.

नवव्या लेखाचा तुकडा त्याच परिसरात भुईगावला सापडला, १९५६ साली, आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी. लग्नकार्यात, आजारपणात, प्रवासाला निघताना लोक जे निरर्थक विधी करतात त्यांपेक्षा धम्माचे आचरण बरे, असा त्या लेखाचा आशय. आणि हे सांगायचे कुणी, तर अधिकाऱ्याने नव्हे. बापाने, मुलाने, भावाने, मालकाने, मित्राने, ओळखीच्याने आणि शेजाऱ्याने.