हैदराबादेतील घरांवरची सौर वीज

हुसेनसागराच्या काठी निजाम सरकारने १९२० साली कोळशावर चालणारे वीजगृह उभारले. वीज एका ठिकाणी निर्माण व्हावी आणि तारांवाटे घरोघर जावी, हीच रीत हैदराबादेत पुढे रूढ झाली. ते वीजगृह आज उरलेले नाही. रीत मात्र कित्येक दशके टिकली.

प्रकाशापासून वीज उत्पन्न होते हे फ्रान्समधील एदमों बेकरेल याने १८३९ मध्येच दाखविले होते. परंतु कामास येईल असा सिलिकॉनचा सौर घट १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर व पिअर्सन यांनी बनविला. त्यावर पडलेल्या उन्हातील जेमतेम ६ टक्के ऊर्जेची वीज होई, आणि किंमत अशी की तो आधी कृत्रिम उपग्रहांवर चढला; घराच्या गच्चीवर यावयास त्याला पुष्कळ काळ लागला.

त्याची रचना मात्र साधी आहे. सिलिकॉनच्या पातळ चकतीत एका अंगास फॉस्फरसचा आणि दुसऱ्या अंगास बोरॉनचा अंश मिसळलेला असतो. प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि दोन थरांच्या सीमेवरील विद्युत्क्षेत्र त्यांना एका बाजूस लोटते. चाक फिरत नाही, धूर निघत नाही. अशा घटांच्या फलकातून मिळणारी एकदिश वीज इन्व्हर्टर घरगुती उपकरणांजोगी करून देतो. हैदराबादेत फलक दक्षिणेकडे कलता ठेवावा लागतो. गंमत अशी की त्याला ऊन हवे, पण ताप नको. वैशाखात तो तापला की त्याची वीज घटते.

एक किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते व दिवसाकाठी चारेक युनिटे मिळतात. तेलंगणाचे सौर धोरण २०१५ साली आले. दुतर्फा मोजणाऱ्या मीटरमुळे दुपारची शिल्लक वीज जाळ्यात जाऊन बिलातून वजा होते. केंद्राच्या २०२४ च्या योजनेत तीन किलोवॉटच्या संचास ७८,००० रुपयांचे साहाय्य ठरले.

हा लाभ ज्याची गच्ची त्याचा. काचीगुडा, सुलतान बझार या जुन्या मराठी वस्त्यांतील स्वतंत्र घरांच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या, तेथे गच्ची सर्वांची, म्हणजे बहुधा कोणाचीच नाही. गृहसंस्थांच्या सामाईक दिव्यांसाठी व पंपांसाठी त्याच योजनेत किलोवॉटमागे १८,००० रुपये ठेवलेले आहेत. पण त्यासाठी आधी शेजाऱ्यांचे एकमत व्हावे लागते. शिवाय साठवणीची बॅटरी नसेल, तर बाहेरची वीज जाताच भर उन्हातही हा संच बंद पडतो. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या कामगारास धक्का बसू नये, म्हणून ती योजना मुद्दाम केलेली असते.