महाराष्ट्रातील स्वाइन फ्लूची लस (२००९-१०) : एक तुलनात्मक इतिहास

प्रस्तावना :
३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला. त्याच महिन्यात पुणे व मुंबई येथील शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. सानपाड्यासह सारी नवी मुंबई या दोन शहरांच्या दळणवळणाच्या वाटेवर वसलेली आहे. त्या वेळी या विषाणूवर स्वदेशी लस नव्हती. वर्षभरात लस आली आणि 'लस मिळेल का?' या प्रश्नाची जागा 'कोणती घ्यावी?' या प्रश्नाने घेतली. प्रस्तुत लेखात त्याचा आढावा घेतला आहे.

दोन लसी :
जून २०१० मध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीची निष्क्रिय विषाणूची, टोचून द्यावयाची लस आली. जुलैमध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'नेझोव्हॅक' आली. ही क्षीण केलेल्या जिवंत विषाणूची, नाकात फवारावयाची लस होय. तिचे मूळ वाण रशियन असून जागतिक आरोग्य संघटनेच्या मध्यस्थीने ते पुण्यास मिळाले.

प्रतिकारशक्ती :
टोचलेली लस मुख्यतः रक्तातील प्रतिपिंडे वाढविते. १:४० ही पातळी संरक्षणाचे रूढ मानक मानली जाते. नाकातील लस श्लेष्मल त्वचेत प्रतिपिंडे निर्माण करते व पेशीय प्रतिकार जागविते. रक्तातील वाढ मात्र अल्प असते. त्यामुळे केवळ रक्ततपासणीच्या मापाने ती दुबळी भासते. तथापि सर्व दोष मापाचाच नव्हे. अमेरिकेत याच प्रकारच्या दुसऱ्या लसीचे प्रत्यक्ष संरक्षण अपुरे आढळल्याने २०१६ मध्ये तिची शिफारस थांबविण्यात आली व २०१८ मध्ये पुन्हा करण्यात आली.

दुष्परिणाम :
टोचल्याने दंड दुखणे, कणकण येणे, तर फवाऱ्याने नाक वाहणे हे सौम्य परिणाम होत. गंभीर परिणाम विरळ असले तरी इतिहासात त्यांची नोंद आहे. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या लसीनंतर गियां-बारे या मज्जाविकाराचे सुमारे १ लाखामागे १ अधिक रुग्ण आढळले आणि मोहीम थांबवावी लागली.

समारोप :
२००९ च्या साथीत गर्भवतींना धोका अधिक होता. नेमकी त्यांनाच जिवंत विषाणूची लस देता येत नाही. सुईला घाबरणाऱ्या बालकास मात्र फवारा सोयीचा. म्हणून 'श्रेष्ठ लस कोणती?' यापेक्षा 'कोणासाठी कोणती?' हाच प्रश्न अधिक शास्त्रीय ठरतो.